थर्मोकोलचा बंगला नको, कोपऱ्यावरची टपरी हवी

शाळेत प्रदर्शन जाहीर झालं की दुसऱ्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानात पालकांची गर्दी. तयार घर, तयार विहीर, प्लास्टिकचं झाड, हिरवा गालिचा. बहुतेक घरं एकाच साच्यातली: लाल उतरतं छप्पर, त्यावर धुराडं, पुढे पांढरं कुंपण. (असं धुराडंवालं घर आपल्या तालुक्यात कुणी पाहिलंय का?) २०१८ मध्ये राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, तरी प्रकल्पांच्या टेबलावर तो अधूनमधून दिसतोच.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो, माझं म्हणणं असं की मुलांना बांधायचीच असेल तर रोज दिसणारी जागा बांधू द्या. पानाची टपरी, एसटीचा थांबा, पिठाची गिरणी, पिंपळाचा पार, चाळीचा जिना, गुरांचा गोठा. आणि वापरायचं ते घरात, गल्लीत पडलेलं सामान. विकत काहीच नाही.

सामान शोधताना मुलांचे डोळे कसे चालतात ते बघण्यासारखं असतं. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आत पन्हाळी पत्रा तयारच असतो. उदबत्तीच्या उरलेल्या काड्यांचे खिडकीचे गज होतात. पिस्त्याची टरफलं एकावर एक रचली की कौलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या भिंती ताठ उभ्या राहतात, बाटलीचं काळं झाकण गच्चीवरची पाण्याची टाकी होतं. चिकटवायला कणकेची खळ. दिवाळीत हीच मुलं माती, विटा नि गोणपाटाचा किल्ला उभा करतात, त्यावर हळीव पेरतात, तेव्हा त्यांना कुणी शिकवायला जात नाही. (आता तयार किल्लेही विकत मिळायला लागलेत, तो भाग वेगळा.)

पण नुसतं 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून थांबलं तर खरा भाग सुटतो. तो आहे मोजण्यात. प्रमाण १:५० घ्या, म्हणजे १ मीटरला २ सेंटीमीटर. सात फुटांचं दार सव्वाचार सेंटीमीटरचं होतं. उभी केलेली आगकाडी म्हणजे जवळपास दोन मीटरचा माणूस, जरा उंचच! सहावीतलं गुणोत्तर-प्रमाण फळ्यावर ज्याला कळत नाही, तो टपरीची फळी दोरीने मोजून आला की भागाकार आपणहून करायला लागतो. मग प्रश्न येतात. जिन्याच्या पायऱ्या साधारण सारख्या उंचीच्या का? टपरीचं फळकूट वर उघडतं ते का, तर उघडल्यावर तेच गिऱ्हाइकाच्या डोक्यावर सावली धरतं. कोकणातलं छप्पर जास्त उतरतं आणि सोलापूर-मराठवाड्याकडे माळवदाचं सपाट धाबं कसं चालतं? भूगोलाच्या पुस्तकातला पाऊस असा छपरावर येऊन पडतो.

आता जरा अवघड गोष्ट. 'आपापलं घर करून आणा' असं मी वर्गात कधीच सांगत नाही. पत्र्याच्या खोलीत राहणारं मूल अशा वेळी हमखास बंगला करून आणतं, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. त्याला कळलेलं असतं की प्रदर्शनात काय शोभतं. म्हणून 'तुला पाठ असलेली एक जागा कर' असं म्हणावं. मग कुणी नळाचा कट्टा करतं, कुणी आजीची पडवी. आणि एखादं मूल आपणहून पत्र्याची खोली करतं, वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून वर ठेवलेल्या दगडांसकट. तो दगड बंगल्यातल्या मुलाच्या ध्यानात आला नसता. त्या खोलीला बंगल्याशेजारी तेवढ्याच मानाने जागा मिळते की नाही, हे आपण शिक्षकच ठरवतो. परीक्षक चकचकीतपणाला गुण देणार असतील तर सगळं मुसळ केरात.

वेळ कुठून आणायचा, हे नेहमी विचारलं जातं. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत उपक्रम आणि प्रकल्प आहेतच, कार्यानुभवाचे तासही आहेत. एक तास मोजायला, दोन करायला, एक बोलायला. वर्गात पसारा होतो, हे खरंच. झाडू मुलांच्याच हाती द्यायचा, मुलींनी केर नि मुलांनी कापाकापी अशी वाटणी न करता.

पालकांना एकच विनंती. रात्री जागून तुम्ही ते नीट करू नका. वाकडी भिंत वाकडीच येऊ द्या. त्यापेक्षा संध्याकाळी मुलाबरोबर मोजायला जा, टेपचं दुसरं टोक धरा, नि टपरीवाल्या काकांना आधी विचारा. काका स्वतःच मापं सांगायला लागतात असा माझा अनुभव आहे.

प्रदर्शन संपल्यावर या वस्तू फार टिकत नाहीत. खळीला उंदीर-झुरळं लागतात, पावसाळ्यात पुठ्ठा मऊ पडतो. गेल्या तर जाऊ द्या. मापांची वही मात्र शाळेच्या कपाटात ठेवा, वर तारीख आणि मुलांची नावं घालून. रस्ता रुंद होतो, वाडा पाडतात, चाळीच्या जागी टॉवर येतो. त्या पाराची उंची किती होती हे पुढच्या वर्गाला विचारावंसं वाटलं, तर ती तिथे लिहिलेली असेल.