तक्रार करावी ती कशी?

आपल्या भाषेत अरबी-फारसीतून जे शब्द आले, त्यांपैकी कित्येकांनी इकडे येताना आपला अर्थ पालटला. 'तक्रार' हा शब्द त्यांतलाच. मूळ अरबीत त्याचा अर्थ 'पुन्हा पुन्हा म्हणणे', अर्थात पुनरुक्ती. एकच गोष्ट दोघे जण पुन्हा पुन्हा बोलू लागले की वाद उद्भवतो. म्हणून फारसी-उर्दूत त्यास वादाचा अर्थ जडला आणि मराठीत तो गाऱ्हाण्याच्या अर्थी रूढ झाला. शाळेत निबंध तपासताना आम्ही पुनरुक्तीस दोष मानतो व तिच्याखाली तांबड्या शाईची रेघ ओढतो. परंतु व्यवहारात एक क्षेत्र असे आहे, की जेथे पुनरुक्तीवाचून सत्य उजेडात येत नाही. ते क्षेत्र म्हणजे सदोष वस्तूविषयी ग्राहकाने करावयाचे गाऱ्हाणे. या महिन्यात आम्ही त्याविषयी लिहिणार आहोत, आणि उदाहरण घेणार आहोत ते मोटारगाडीच्या गिअरबॉक्सचे.

हा विषय निवडण्यास कारण आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आता मोटार आली आहे, आणि तीही सहा-सात माणसे व त्यांचे सामान मावेल अशी उंच बांध्याची, जिला सर्वजण 'एसयूव्ही' म्हणतात. आजी-आजोबांसह उज्जैनला किंवा ओंकारेश्वरास जावयाचे तर अशीच गाडी बरी, असा घरोघरी विचार होतो. पुष्कळांची मुले-मुली नोकरीनिमित्त अमेरिकेत आहेत. त्यांतील कित्येकांनी तिकडे पहिली गाडी घेतली ती कोणाची तरी वापरलेलीच. घराखालोखाल मोठा खर्च तो गाडीचा. तिचा गिअरबॉक्स अकाली निकामी झाला, तर एका फटक्यात वर्षा-दोन वर्षांची शिल्लक जाते. तेव्हा हा केवळ मिस्त्रीचा विषय आहे असे समजून कोणी पान उलटू नये, ही विनंती.

अमेरिकेतील निसान कंपनीच्या पाथफाइंडर या कौटुंबिक गाडीची हकीकत या बाबतीत उद्बोधक आहे. २००५ ते २०१० या वर्षांच्या पाथफाइंडर गाड्यांत, तसेच त्याच घराण्यातील एक्सटेरा व फ्रॉन्टियर या गाड्यांत, स्वयंचलित गिअरबॉक्स होता. अशा गिअरबॉक्समधील ऑईल चालता चालता तापते व त्यास थंड करावे लागते. त्यासाठी त्या ऑईलची नळी रेडिएटरच्या टाकीतूनच फिरवून आणलेली होती. भोवती इंजिन थंड ठेवणारे कूलंट आणि आत नळीतून वाहणारे ऑईल, अशी ही रचना. ती मुळात चुकीची नव्हे. अनेक कंपन्यांच्या गाड्यांत ती आढळते. परंतु या गाड्यांपैकी काहींत आतील शीतकाला तडा जाऊ लागला. दोन द्रवांमधील पडदा फाटला आणि कूलंट ऑईलमध्ये शिरले.

पाणी आणि तेल एकत्र येऊ नयेत, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणासही सांगावयास नको. गिअरबॉक्समध्ये तर त्यांचा संयोग घातकच ठरतो. आतील क्लचच्या चकत्यांवर घर्षणासाठी जे अस्तर चिकटवलेले असते, ते कूलंटमधील पाण्याने व ग्लायकोलने फुगते व सुटू लागते. ऑईलचा रंग जाऊन त्यास गुलाबी दुधासारखे रूप येते. मालकांनी त्यास विनोदाने 'स्ट्रॉबेरी मिल्कशेक' असे नाव दिले. पण ते पाहणाऱ्याच्या मुखावर हसू राहत नसे. प्रथम गाडी मध्यम वेगात थरथरते, मग गिअर बदलताना हिसका देते, आणि अखेरीस जागची हलत नाही. दोष होता काहीशे डॉलरच्या रेडिएटरमध्ये. प्राण गेला तो काही हजार डॉलरच्या गिअरबॉक्सचा.

येथेच ग्राहकाची खरी कोंडी झाली. नव्या गाडीची सर्वसाधारण हमी ३ वर्षे किंवा ३६,००० मैल, म्हणजे सुमारे ५८ हजार किलोमीटरची. इंजिन व गिअरबॉक्सची ५ वर्षे किंवा ६०,००० मैल, म्हणजे सुमारे ९७ हजार किलोमीटरची. तडा पुष्कळदा त्यानंतर जाई. हमीची मुदत संपलेली, गिअरबॉक्स मोडलेला, आणि मूळ अपराधी रेडिएटर, ज्याचा संशयही मालकास आलेला नाही! एकट्या मालकाने वर्कशॉपमध्ये जाऊन सांगितले, तर उत्तर ठरलेले: "गाडी जुनी झाली, झीज होणारच." एका गाडीपुरते ते उत्तर खोटे ठरविणे अशक्यप्राय असते. झीज कोणती आणि दोष कोणता, हे एका उदाहरणावरून सांगता येत नाही. शंभर जणांनी तेच लक्षण, तेवढ्याच मैलांच्या आसपास, त्याच भागाविषयी नोंदविले, म्हणजे मग झिजेचा युक्तिवाद लंगडा पडतो. पुनरुक्तीचे सामर्थ्य ते हे.

तसेच घडले. तक्रारींचा ढीग वाढत गेला आणि २०१० साली कंपनीने या गाड्यांच्या रेडिएटरची हमी ८ वर्षे किंवा ८०,००० मैलांपर्यंत वाढविली. या दोषामुळे गिअरबॉक्सची जी हानी होईल तीही त्या हमीत धरली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात अनेक मालकांच्या वतीने सामूहिक दावाही दाखल झाला. २०१३ साली न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार ती मुदत १० वर्षे किंवा १,००,००० मैल (सुमारे १ लाख ६१ हजार किलोमीटर) झाली. मात्र वाढीव मुदतीत ग्राहकास स्वतःचाही वाटा उचलावा लागे: ९ वर्षे किंवा ९०,००० मैलांपर्यंत २,५०० डॉलर, त्यापुढे ३,००० डॉलर. ज्याची गाडी एक लाख मैलांची सीमा ओलांडल्यावर बिघडली, त्याच्या पदरी काहीच पडले नाही. न्याय मिळाला, पण तो मुदतीच्या मापाने मोजून मिळाला. आपले गाऱ्हाणे पहिल्या हिसक्याबरोबर नोंदविणारा आणि 'पाहू पुढे' म्हणणारा, यांच्या नशिबातील अंतर पुष्कळदा एवढेच असते.

होंडा कंपनीची हकीकत याहून निराळी आहे. एप्रिल २००४ मध्ये त्या कंपनीने अमेरिकेत सुमारे ११ लाख गाड्या तपासणीसाठी परत बोलाविल्या. त्यांत पायलट ही एसयूव्ही, ओडिसी ही कौटुंबिक गाडी आणि ॲक्युरा एमडीएक्स यांचा समावेश होता. दुसऱ्या गिअरच्या दात्यांना ऑईल पुरेसे न पोहोचल्याने तेथे उष्णता साचे, दाते तुटत, आणि क्वचित गिअरबॉक्स धावत्या गाडीतच जखडून बसे. १५,००० मैलांहून कमी धावलेल्या गाड्यांत ऑईलचा प्रवाह सुधारण्यात आला. अधिक धावलेल्यांत गिअरचा रंग तपासून, तो उष्णतेने पालटला असल्यास गिअरबॉक्सच बदलून देण्यात आला. दोन प्रकरणांतील भेद लक्षात घ्यावा. धावती गाडी जखडली तर जीव जाण्याचा संभव. म्हणून तेथे गाड्या परत बोलाविल्या गेल्या. पाथफाइंडरच्या बाबतीत मिळाली ती हमीची वाढ. तेव्हा तक्रार लिहिताना 'खर्च आला' एवढेच लिहून भागत नाही. महामार्गावर मागून मालट्रक येत असता गाडीने ओढ सोडली असेल, तर ते प्रथम लिहावे.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकर्लॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. अमेरिकन बोलीत सदोष गाडीस 'लिंबू' म्हणतात. त्या लिंबांचा हा बाजार. त्यांचे म्हणणे असे की विकणाऱ्यास गाडीचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. म्हणून चांगल्या गाडीलाही वाजवी किंमत येत नाही आणि हळूहळू चांगला माल बाजारातून उठून जातो. या विचारासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९८२ साली कनेक्टिकट राज्याने नव्या सदोष गाड्यांच्या खरेदीदारास संरक्षण देणारा कायदा केला, त्यासही 'लिंबू कायदा' हेच नाव पडले. अमेरिकेत महामार्ग-सुरक्षेचे जे सरकारी प्रशासन आहे, त्याच्याकडे कोणीही मालक विनामूल्य तक्रार नोंदवू शकतो, व गाडीचे नाव आणि वर्ष सांगून इतरांच्या तक्रारी कोणासही वाचता येतात. तिकडे वापरलेली गाडी घेऊ पाहणाऱ्या मुलांना आम्ही एवढेच सुचवू, की रंग आणि गाद्या पाहण्यापूर्वी त्या तक्रारी वाचाव्यात. विकणारा जे सांगत नाही, ते पूर्वीच्या मालकांनी सांगून ठेवलेले असते.

आता आपल्या घराकडे वळू. आमचे एक शेजारी बँकेतून निवृत्त झालेले सद्गृहस्थ. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी स्वयंचलित गिअरची मोठी गाडी घेतली. तिसऱ्या वर्षी ती चढावर हिसके देऊ लागली. चार वेळा वर्कशॉपच्या फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक वेळी "या गाड्यांना असं होतंच, साहेब" हे तोंडी उत्तर मिळाले. एके दिवशी ते आमच्याकडे चार पानी पत्र घेऊन आले व म्हणाले, "सर, एवढी भाषा नीट करून द्या." आम्ही वाचून पाहिले. पत्रात संताप होता, फसवणुकीचे शब्द होते, सुनेच्या माहेरच्या लग्नास पोहोचता न आल्याची व्यथा होती. परंतु एकही तारीख नव्हती, किलोमीटरचा एकही आकडा नव्हता. आम्ही म्हटले, "भाऊसाहेब, भाषा उत्तमच आहे. आता जॉब कार्डे घेऊन या." चार फेऱ्यांपैकी दोनच कार्डे सापडली, आणि त्यांपैकी एकावर 'सर्वसाधारण सर्व्हिसिंग' एवढेच लिहिलेले. जी तक्रार तोंडी झाली, ती कागदाच्या दृष्टीने झालीच नव्हती. एका पानाचे नवे पत्र गेले, बरीच लिहापढी झाली, व अखेर सुट्या भागांचा निम्मा खर्च कंपनीने सोसला. उरलेला निम्मा त्या न सापडलेल्या दोन कार्डांनी खाल्ला, असे आमचे मत आहे.

कायद्याने ग्राहकास निराधार सोडलेले नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली व तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. वस्तू कोठेही घेतलेली असो, आता ग्राहक जेथे राहतो वा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्यास दाद मागता येते. इंदूरच्या माणसाने पुण्यात गाडी घेतली म्हणून पुण्यास खेटे घालावयास नकोत. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगापुढे चालते. दावा कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावा लागतो. समान गाऱ्हाण्याचे अनेक ग्राहक असतील, तर आयोगाच्या अनुमतीने सर्वांच्या वतीने एकत्र अर्ज करता येतो. यांपैकी काही करण्यापूर्वी सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तसेच २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात, सुरक्षिततेस धोका असलेल्या सदोष गाड्या परत बोलाविण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारास मिळाला आहे. आणि तो अधिकार वापरला जावयाचा तर पुष्कळ मालकांच्या तक्रारी नोंदलेल्या असाव्या लागतात. घरच्या बैठकीत दहा वेळा सांगितलेली तक्रार त्या गणतीत येत नाही.

मग तक्रार लिहावी कशी? आमच्या मते तिच्यात पाच गोष्टी असाव्यात. पहिली, तारीख. दुसरी, त्या दिवशीचे किलोमीटर. तिसरी, काय घडले ते विशेषणांवाचून: 'भयंकर आवाज' असे न लिहिता 'ताशी ६० किलोमीटरच्या वेगात, तिसऱ्या गिअरवरून चौथ्यावर जाताना थरथर' असे. चौथी, वर्कशॉपने दिलेले उत्तर, त्यांच्याच शब्दांत व शक्यतो त्यांच्याच कार्डावर. 'असे होतेच' असे कोणी म्हणाल्यास ते लिहून देण्याची नम्र विनंती करावी. पाचवी, आपली मागणी, एका वाक्यात. ऑईलचा रंग पालटला असेल तर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. गाडीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या एका फाईलीत लावाव्यात, कारण देखभाल वेळेवर झाली नाही हा प्रतिपक्षाचा पहिला बाण असतो.

आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांत तक्रार करणे हे भांडखोरपणाचे लक्षण समजले जाते. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहून, येथील लोकांशी गोडीगुलाबीने वागून आपण नाव मिळविले. ते सोडावे असे आम्ही म्हणत नाही. तथापि लेखी, मोजके व खरे गाऱ्हाणे मांडणे यात कोणाचा अपमान नाही. आपल्या आधी कोणी लिहिले नाही म्हणून आपण फसलो असू, तर आपण न लिहिल्याने आपल्यामागचा फसेल. आपल्या पत्राने आपला गिअरबॉक्स दुरुस्त होईलच असे नाही. पण त्या ढिगात आपलेही एक पान पडते, आणि कोठल्या तरी अनोळखी कुटुंबाची गाडी घाटात बंद पडण्याचे टळते. निबंधातील पुनरुक्तीवर आमची तांबडी रेघ यापुढेही पडेल. या पुनरुक्तीस मात्र आमच्याकडून पूर्ण गुण.