वाय-फाय अडखळतंय? प्लॅन वाढवण्याआधी राउटरच्या मागे बघा

कनेक्शन २०० एमबीपीएसचं, राउटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी आणि आतल्या खोलीत ऑनलाइन मुलाखत देणाऱ्याचा चेहरा स्क्रीनवर गोठलेला. मग कंपनीला फोन जातो आणि पलीकडून मोठ्या प्लॅनचा सल्ला मिळतो. दोष अनेकदा प्लॅनचा नसतोच. राउटरपर्यंत वेग पूर्ण येतो, हरवतो तो पुढच्या दोन भिंतींत.

वाय-फायवर एका चॅनेलवरची सगळी उपकरणं आळीपाळीने बोलतात. एकाचं चालू असताना बाकीची थांबतात, शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनेलवर असेल तर त्याच्यासाठीसुद्धा. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोहोचतं, पण तिथे गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, मात्र काँक्रीटपुढे लवकर दमतं.

म्हणून जे जागचं हलत नाही त्याला वायर द्यावी आणि जे हातात फिरतं त्याला वाय-फाय. टीव्ही, डेस्कटॉप, कामाचा लॅपटॉप राउटरच्या लॅन पोर्टला जोडला की मोबाइलची रांग तेवढी कमी होते. नेटवर्क एकच राहतं. वायरवरच्या प्रिंटरला मोबाइलवरून प्रिंट देता येते. एकाच लॅपटॉपला दोन्ही जोडल्याने वेगाची बेरीज मात्र होत नाही. विंडोज सहसा स्वतःच वायर निवडतं. वायर निघाली तर वाय-फाय आहेच.

खरी मेख वायरिंगमध्ये आहे. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग नेते, पण त्यासाठी आतल्या आठही तारा जोडलेल्या हव्यात. घाईत चारच जोडल्या तर वेग १०० एमबीपीएसवर अडकतो आणि ग्राहक प्लॅनला दोष देत बसतो. काही स्वस्त राउटरचे आणि बऱ्याच टीव्हींचे पोर्टही १०० चेच असतात. टीव्हीला तेवढे भरपूर झाले, कामाच्या लॅपटॉपसाठी तपासून घ्या.

लांबच्या खोलीसाठी लोक एक्स्टेंडर आणतात. तो वाय-फायवरून घेतो आणि वाय-फायवरूनच देतो. दोन्ही कामं एकाच बँडवर असतील तर वेग साधारण निम्मा होतो. त्यापेक्षा माळ्यावरचा जुना राउटर काढा. त्याचा आयपी पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा, पण त्याच मालिकेतला ठेवा, डीएचसीपी बंद करा आणि मुख्य राउटरची केबल त्याच्या वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा. नाव-पासवर्ड तेच ठेवलं तर मोबाइलला नव्याने जोडणी करावी लागत नाही.

अडचण एकच, केबल न्यायची कुठून? प्रत्येक खोलीत एसीचा पॉइंट देणारे बिल्डर लॅनसाठी साधा पाइपही टाकत नाहीत, आणि आपणही ताबा घेताना तो मागत नाही. घराचं काम काढणार असाल तर प्लास्टरआधी हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत एक रिकामा पाइप टाकून घ्या, विजेच्या तारांपासून वेगळा.