कार्ल्याचे शक आणि चीनचे तोबा

वीकांताला लोणावळ्याला जाणारे आपण लोक टायगर पॉइंट, भजी आणि चिक्की एवढ्यात आटपतो. कार्ल्याला गेलोच तर एकवीरेचं दर्शन, आणि शेजारच्या चैत्यगृहासमोर एक फोटो. माझं म्हणणं असं की 'बाहेरच्यांनी पुणं बिघडवलं' हे वाक्य कॅन्टीनमध्ये रोज फेकणाऱ्यांनी तिथले दोन कोरीव लेख एकदा समजून घ्यावेत. (फेकणारे बहुतेक माझेच मित्र आहेत, तेव्हा राग नसावा.)

पहिला लेख उषवदाताचा. हा क्षहरात राजा नहपानाचा जावई, आणि नाशिकच्या एका लेखात स्वतःला चक्क शक म्हणवतो. म्हणजे बाहेरचा. सासऱ्याच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरं. पण नाव बघा, उषवदात म्हणजे ऋषभदत्त. बायकोचं नाव दक्षमित्रा. ब्राह्मणांना दानं देतो, आणि वलुरक म्हणजे कार्ल्याच्या लेण्यांतल्या भिक्षूंना करजिक नावाचं गाव देतो. असं वाग म्हणून त्याला कुणी फतवा काढला नव्हता.

मग गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. ही इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली गोष्ट. त्याच्या आईच्या नाशिकच्या लेखात त्याला क्षहरातांचा वंश निःशेष करणारा म्हटलंय. नहपानाच्या नाण्यांवर त्याने स्वतःचा छाप मारून घेतला. १९०६ साली जोगलटेंभीला १३,००० हून जास्त नाणी सापडली, त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर हा छाप आहे. इतका राग!

आणि आता कार्ल्याचा दुसरा लेख. त्यातलं राजाचं नाव तुटलंय, पण बहुतेक अभ्यासक तो गौतमीपुत्राचा मानतात. मामाल इथल्या अमात्याला हुकूम आहे, की करजक गाव वलुरकच्या भिक्षूंना दिलं आहे. मामाल म्हणजे आपलं मावळ. आणि गाव तेच, शत्रूच्या जावयाने दिलेलं! क्लायंट बदलला, लोगो बदलला, पण चालू असलेल्या मोड्यूलला कुणी हात लावला नाही. त्या भिक्षूंना दोन वेळचं मिळत होतं, ते मिळत राहिलं.

याच्या उलट उदाहरण चीनमध्ये सापडतं, साधारण साडेतीनशे वर्षांनंतर. उत्तर वेई हे राज्य (३८६ ते ५३४) तोबा घराण्याचं. हे शेनबेई लोक, उत्तरेच्या गवताळ प्रदेशातले, म्हणजे चिनी लोकांच्या दृष्टीने बाहेरचेच. ४६० च्या सुमारास त्यांनी दातोंगजवळ युनगांगची लेणी खोदायला घेतली. डोंगर कोरून बुद्ध घडवायची ही रीत आपल्याकडूनच मध्य आशियामार्गे तिकडे गेलेली.

पुढे श्याओवेन सम्राटाला घाई झाली. ४९४ साली राजधानी दक्षिणेला लोयांगला हलवली. दरबारात शेनबेई पोशाख बंद, शेनबेई भाषा बंद. ४९६ साली घराण्याचं तोबा हे आडनाव बदलून युआन केलं. सगळं हुकमाने. लोयांगमधले लोक झाले चिनी. उत्तर सीमेवरच्या लष्करी ठाण्यांतले लोक मात्र जुन्याच भाषेत, जुन्याच रीतीत राहिले. राजधानीच्या लेखी ते आता गावंढळ, बढत्या थांबलेले. ५२३ साली धान्याची टंचाई झाली आणि ठाणी पेटून उठली. पुढच्या अकरा वर्षांत राज्याचे दोन तुकडे.

आता कुणी म्हणेल, म्हणजे दहा वर्षं हिंजवडीत राहून 'थोडा थोडा समझता है' म्हणणाऱ्याला सोडून द्यायचं का? तर नाही. मलाही ते खटकतं. पण दमदाटीने भाषा येत नाही, फार तर तोंडापुरता राम राम येतो. उषवदाताला इथल्या लोकांशी व्यवहार करायचा होता, इथे मान हवा होता, म्हणून तो इथली भाषा लिहायला लागला. आपण ऑफिसात पहिल्या मिनिटाला हिंदीवर येतो, मग समोरच्याला मराठीची गरज पडणार कशी? मी स्वतः आता भाजीवाल्यापासून टीम लीडपर्यंत सगळ्यांशी सुरुवात मराठीतच करतो. काहीजण बुचकळ्यात पडतात, बरेचसे मोडकंतोडकं उत्तर देतात.

अवांतर: कार्ल्याच्या चैत्यात ३७ खांब आहेत, आणि बऱ्याच खांबांवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे. त्यात धेनुकाकटचे यवनही आहेत. सगळे प्राकृतात. हे धेनुकाकट नक्की कुठलं, यावर अभ्यासकांचं भांडण अजून मिटलेलं नाही.