सूज उतरली, मग गोळ्या कशाला?

ल्युपसमुळे मूत्रपिंडाला सूज आली, की घरोघरी हा प्रश्न येतोच. पाय हलके होतात, स्टेरॉइडने चेहरा मात्र गोल झालेला. त्यात मुलगी लग्नाची. गोळ्या गुपचूप बंद होतात. १० मेच्या जागतिक ल्युपस दिनानिमित्त आम्ही हा अंक याच वळणावर उभा केला आहे.

रोग आटोक्यात आला, हे आरशात दिसत नाही. लघवीतील प्रथिने आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर ०.५च्या खाली, मूत्रपिंडाचे काम स्थिर, आणि हे सहा ते बारा महिन्यांत साधलेले, तर डॉक्टर पूर्ण रेमिशन म्हणतात. गंभीर प्रकारांत त्यानंतरही मायकोफेनोलेटसारखी औषधे चालूच राहतात. एकूण उपचार किमान तीन वर्षांचा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तर त्याहूनही पुढे. (कोविडकाळात याच गोळीसाठी ल्युपसचे रुग्ण दुकाने पालथी घालत होते.)

आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८पासून आपल्या नाशकात आहे. पण सुरगाण्याहून लघवीच्या एका तपासणीसाठी यायचे, तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून या अंकात औषधांइतकीच जागा पाठपुराव्याला दिली आहे. गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून थांबवल्या, पुन्हा कशा सुरू झाल्या, हे आम्हाला जरूर लिहा. नाव छापणार नाही.