सुवार्ता आणि सिव्हिलमधला डबा

नाताळ जवळ आला की दोन गोष्टी ठरलेल्या. आमच्यातलं कुणीतरी पत्रकं घेऊन दारोदार निघतं, आणि कुणीतरी लगेच "धर्मांतराचा डाव" म्हणून पोस्ट टाकतं. मी सोलापूरचा, ख्रिस्ती. दोघांशीही बोलायचंय.

आधी आपल्या मंडळीतल्यांशी. रेव्हरंड ना. वा. टिळकांपर्यंत सुवार्ता पोचली ती आगगाडीत, १८९३ साली, राजनांदगावला जाताना. डब्यातल्या अनोळखी गोऱ्या माणसानं आधी कवितेवर गप्पा मारल्या, मग नवा करार हातात दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि घर मोडलं. लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे पंढरपुरात राहिल्या, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. पुढं दोघं नगरला एकत्र आले तरी बाईंचं सोवळं चालूच. एवढा मोठा वक्ता, कवी. घरातच प्रवचन झोडता आलं असतं की! पण जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न बाईंना त्यांचा त्यांनाच पडला. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. मधली पाच वर्षं ज्याला दिसत नाहीत, त्यानं 'स्मृतिचित्रे' परत वाचावं. १९१७ ला टिळकांनी 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

आणि आपण? शेजारच्या विडी वळणाऱ्या मावशींना सिव्हिलला नेतो, केसपेपर काढतो, आणि सलाईन लागायच्या आत पत्रक पुढं करतो. मावशींनी स्वतःहून म्हटलं तर प्रार्थना जरूर करा. नाही म्हटलं तर डबा द्या, घरी या, उद्या परत डबा घेऊन जा. फी भरून किंवा धान्य देऊन मिळवलेला होकार मला तरी होकार वाटत नाही.

आता संशय घेणाऱ्यांशी. कुणी जबरदस्ती केली, आमिष दाखवलं, तर तक्रार करा; पोलीस ठाण्यात मी सोबत येतो. पण डबा आणणाऱ्या प्रत्येकाला "हेतू काय?" विचारत बसलात तर वॉर्डात परक्याच्या उशाशी बसायला कोण धजेल? आणि मावशींना स्वतःचं डोकं आहे, हे दोन्ही बाजू विसरतात. राग येतो तो याचाच.

मंडळीच्या पुढच्या बैठकीत मी मांडणार आहे: यंदा पत्रकांचे पैसे सिव्हिलच्या डब्यांना, आणि डब्यावर चर्चचं नाव नको. विरोध होईल. होऊ दे.