विश्वासू प्रवासी आणि तीन पदांचे नाव

तोक्योतील मराठी कुटुंबांच्या मुंबईप्रवासात दोन्ही टोकांना आता यंत्रे उभी आहेत. भारताची ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर’ योजना २२ जून २०२४ रोजी दिल्लीत सुरू झाली आणि जानेवारी २०२५मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर पोहोचली. भारतीय पारपत्रधारक आणि ओसीआय कार्डधारक तिला पात्र आहेत. जपानमध्येही दीर्घकालीन निवासी परदेशी नागरिकांना आगाऊ नोंदणी करून नारिता व हानेदा येथील स्वयंचलित दारे वापरता येतात.

सोय खरी, परंतु कागदपत्रे एकमेकांशी जुळली तरच. स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव ही मराठी रचना पारपत्राच्या दोनच रकान्यांत बसवावी लागते. विवाहानंतर पारपत्रावर सासरचे आणि जपानी निवासपत्रावर माहेरचे नाव राहिले, तर अधिकारी विवाहाचा दाखला पाहून समजून घेऊ शकतो. यंत्राला तो वाचता येत नाही. निवासपत्रावरील नावात बदल झाल्यास तो १४ दिवसांत कळवणे जपानमध्ये बंधनकारक आहे.

भारतीय योजनेसाठी पारपत्र किमान ६ महिने वैध हवे. नोंदणी ५ वर्षे किंवा पारपत्राची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोवर टिकते. म्हणून मुदत सरत आली असल्यास आधी नूतनीकरण, मग अर्ज, हाच क्रम शहाणपणाचा.

‘विश्वासू’ ठरण्याची कसोटी नोंदींची एकवाक्यता ही आहे, आणि ती साधण्याचे कष्ट बहुधा विवाहित स्त्रियांच्याच वाट्याला येतात.