चालण्याच्या बक्षिसावर टॅक्स का लागतो?

"डॉक्टर, तब्येत सुधारली म्हणून पण टॅक्स?" मार्चची पगाराची स्लिप हातात पडली की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. ऑफिसच्या ‘वेलनेस चॅलेंज’मध्ये तीन महिने रोज दहा हजार पावले चालून स्मार्ट घड्याळ जिंकायचे, आणि वर्षअखेरीस त्यापायी पगारातून पैसे कापले जायचे. राग येणारच. पण माझ्या मते इथे आयकराचा नियम बरोबर आहे, चूक आहे ती स्पर्धेत.

आधी नियम पाहू (आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे). मालकाने दिलेले रोख बक्षीस म्हणजे पगारच, त्यावर पूर्ण कर. वस्तू किंवा गिफ्ट व्हाउचर असेल तर वर्षभरातल्या सगळ्या भेटी मिळून ५,००० रुपयांपर्यंत सूट. गोम ‘सगळ्या मिळून’ या शब्दांत आहे. दिवाळीला ३,००० चे व्हाउचर मिळाले आणि नंतर १८,००० चे घड्याळ, तर एकूण २१,०००. त्यातले १६,००० तुमच्या उत्पन्नात धरले जातात. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससह ४,९९२ रुपये गेले.

आता त्याच नियमावलीतली दुसरी बाजू बघा. ऑफिसने सर्व कर्मचाऱ्यांना सारखीच उपलब्ध करून दिलेली व्यायामाची किंवा खेळाची सोय करपात्र धरत नाहीत. मालक भरतो त्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावरही तुम्हाला कर नाही. म्हणजे सगळ्यांना मिळते ते मोकळे, आणि एकट्याने जिंकले त्यावर कर. एक डॉक्टर म्हणून मला ही विभागणी पटते.

कारण या स्पर्धा बहुधा जिंकतो कोण? जो आधीपासूनच पळतो तो. ज्याला गरज आहे तो, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, दुखरे गुडघे असलेला पन्नाशीचा माणूस, दुसऱ्या आठवड्यात यादीच्या तळाशी जातो आणि सोडून देतो. किंवा सोडत नाही, ते जास्त वाईट. (दहा हजारांचा आकडासुद्धा वैद्यकशास्त्राने ठरवलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र याच नावाने विकायला आले, तिथून तो पसरला.)

सर्वांत धोकादायक म्हणजे ‘सर्वाधिक वजन घटवा’ ही स्पर्धा. वजनाच्या आदल्या दिवशी पाणी तोडायचे, जेवण टाळायचे. काट्यावर किलो-दीड किलो कमी दिसते, पण ते पाणी असते, चरबी नव्हे. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी घेऊन उपाशी राहिलात तर घाम सुटून, हातपाय थरथरून साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडू शकतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि पाणी कमी प्यालात, तर चक्कर येऊन पडायला वेळ लागत नाही. अशा गोळ्या चालू असतील तर नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि वजनाच्या स्पर्धेत तर उतरूच नका.

ऑफिसात तुमच्या शब्दाला किंमत असेल तर एचआरला सांगा, घड्याळांचे पैसे सर्वांच्या वार्षिक तपासणीला किंवा जेवणानंतर अर्धा तास चालायच्या सुट्टीला लावा. आणि घड्याळ मिळालेच असेल, तर फॉर्म १६ बरोबर येणारा फॉर्म १२बीए उघडून त्याची किंमत किती धरली आहे ते एकदा पाहून घ्या.